तबला बसला

"अगं, तबला बसला बघ पुन्हा."

सासूबाईंचं हे वाक्य जानेवारीपासून मी रोज ऐकत होते. त्याची वेळही ठरलेली. सकाळी साडेसातला अँप्लिफायर लागतो, आठच्या सुमारास तबला बसतो. गाणं चालू, पेटी चालू, तबला मात्र आधी फाटक्या पत्र्यासारखा वाजतो आणि मग शेजारच्या घरातून आल्यासारखा होतो. मी तेव्हा कुकर लावत असते, नवरा दाढी करत असतो. आम्हा दोघांना सुरुवातीला यातलं काही कळलंच नव्हतं. एक्याऐंशी वर्षांच्या बाईला कळलं. पुढचं अर्धं निदान त्यांच्या कानांवर झालं, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

अँप्लिफायर सासऱ्यांचा. १९८४ च्या दिवाळीत बोनसच्या पैशातून मुंबईहून आणलेला. सागवानी रंगाचं खोकं, पुढे ॲल्युमिनियमचा पत्रा, मागे गोल पाच पिनी सॉकेट आणि दर्शनी भागावर ऐटीत लिहिलेलं '३० + ३० वॅट'. मुंबईहून सातारला तो एस.टी.त मांडीवर ठेवून आणला असं घरात सांगतात. मी वजन केलं, साडेआठ किलो भरला. खंबाटकीच्या घाटात त्या मांडीचं काय झालं असेल ते सासरेच जाणोत.

गावातल्या एका दुकानात दाखवला होता. त्या माणसाने झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं. "ताई, ह्याचे पार्ट येत नाहीत आता. ब्लूटूथवाला घ्या." एवढ्याचे शंभर रुपये. पार्ट येतात की नाही हे त्याने कोणत्या पार्टकडे बघून ठरवलं, ते मला अजून कळलेलं नाही.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. ओहमचा नियम, मीटर ब्रिज, डायोडचा आलेख हे दर वर्षी शंभरेक मुलांकडून करून घेते. सोल्डरिंग गन हातात धरता येते, मल्टिमीटर घरचा आहे. बारावीची प्रॅक्टिकल्स संपली आणि म्हटलं, बघू तरी.

पहिला प्रश्न अगदी साधा होता. दोष गाण्यात आहे, तारेत आहे, अँप्लिफायरमध्ये आहे की स्पीकरमध्ये? सासूबाईंची नाट्यपदं सगळी जुन्या स्टीरिओ रेकॉर्डिंगची. त्यातल्या बऱ्याच पदांत वाद्यं सरळ दोन बाजूंना वाटून टाकलेली आहेत, तबला डावीकडे, पेटी उजवीकडे, गाणारा मधोमध. कॅसेट डेक कधीच गेला. भाच्याने कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून दिल्या, त्या आता एका छोट्या प्लेअरवर लागतात. प्लेअरच्या लाल-पांढऱ्या वायरीपासून अँप्लिफायरच्या पाच पिनी सॉकेटपर्यंतची तार मी घरीच केलेली. (त्या सॉकेटमध्ये पिनांचे क्रमांक ओळीने १-४-२-५-३ असे येतात. मधली २ अर्थिंगची, ३ डावी, ५ उजवी. पहिल्या वेळी मी सरळ मोजत गेले, १ आणि ३ ला जोडणी केली, आणि एकच बाजू का वाजते म्हणून दोन तास डोकं धरून बसले होते.)

तर एका सकाळी प्लेअरच्या मागे लाल-पांढऱ्याची अदलाबदल केली आणि सासूबाईंना म्हटलं, "आई, आज काय होतंय तेवढं सांगा." आठ वाजून पाच मिनिटांनी बाहेरून आवाज आला, "आज तबला झकास आहे गं. पेटी बसली."

म्हणजे पेनड्राइव्ह आणि प्लेअर, दोघंही सुटले. माझ्या तारेवरचा संशय तेवढा उरला. डावीकडे जे काही पाठवाल ते बसतंय. दुसऱ्या दिवशी अँप्लिफायरच्या मागे स्पीकरच्या तारा अदलून-बदलून लावल्या. बसलेला आवाज खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेला. स्पीकरही सुटला. तारा परत जागच्या जागी लावल्या आणि अँप्लिफायर उचलून मागच्या खोलीतल्या टेबलावर नेला. दोन सकाळी गेल्या, पैसा एकही नाही. इथवर मी फार शहाणी होते.

झाकण उघडलं तर आत बोटभर धूळ, पालीच्या अंड्यांची तीन टरफलं आणि झाकणाच्या आतल्या बाजूला सासऱ्यांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं 'फ्यूज १ अँ. ९१ मध्ये बदलला'. ब्रशने धूळ काढली. ते अक्षर राहू दिलं.

आता जरा आतली रचना सांगते, त्याशिवाय पुढचा घोळ कळणार नाही. मागच्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर, चार धातूचे ट्रान्झिस्टर, २एन३०५५, एकेका बाजूला दोन-दोन. आवाजाच्या लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो, खालचा दुसरा. खरं तर खालच्या अर्ध्यासाठी उलट जातीचा, पीएनपी ट्रान्झिस्टर हवा. पण त्या काळी तसा दणकट पीएनपी महाग पडायचा, म्हणून खालीही तोच एनपीएन लावून आधीच्या टप्प्यात युक्ती केलेली असे. सगळ्याला मिळून एकच ५६ व्होल्टचा पुरवठा. दोन ट्रान्झिस्टरच्या मधल्या बिंदूवर बरोबर निम्मा, म्हणजे २८ च्या आसपास व्होल्टेज असतं, आणि ते स्पीकरला जाऊ नये म्हणून मध्ये २२०० मायक्रोफॅरडचा एक मोठा कपॅसिटर. चालू करताना स्पीकरमधून जो 'धप्प' आवाज येतो तो हा कपॅसिटर भरतानाचा. आमच्या घरात त्या धप्पला 'आजोबा उठले' म्हणतात.

प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या शेजारी पांढऱ्या विटेसारखा एकेक सिरॅमिक रेझिस्टर, ०.३३ ओहमचा. गाणं बंद असतानाही दोन्ही ट्रान्झिस्टरमधून थोडा करंट वाहता ठेवलेला असतो. तो नसला तर वरचा अर्धा आणि खालचा अर्धा जिथे जुळतात तिथे आवाज फाटतो. हा करंट मोजायला मीटर त्या ०.३३ ओहमवर लावायचा. उजव्या बाजूला ९ मिलिव्होल्ट आले, म्हणजे साधारण २७ मिलिअँपिअर. डावीकडेही साडेआठ. मध्यबिंदू दोन्हीकडे २८ ला चिकटून. सगळं उत्तम. गाणं लावलं, अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, आवाज काही बसेना!

झाकण उघडं होतं ना. वारा लागत होता, आतली हवा तापत नव्हती. मग वरून पुठ्ठा झाकला आणि फटीतून मुलीच्या हेअर ड्रायरची कोमट हवा सोडली. चार मिनिटांत आवाज फाटला. मीटरवर पाहते तर डावीकडे साडेआठचे शून्य. खालच्या रेझिस्टरवर शून्य, वरच्या रेझिस्टरवरही शून्य. मध्यबिंदू मात्र जवळपास तिथेच.

इथे माझी अक्कल चरायला गेली. 'गरम झाला की ट्रान्झिस्टर मरतो, गार झाला की जगतो' असं मी ठरवून टाकलं आणि रविवारची पुण्याची एस.टी. पकडली.

तपकीर गल्ली ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात वायरी, स्विच, दिव्यांच्या माळा, रेझिस्टर, सोल्डरच्या रिळी, सगळं एकमेकांच्या अंगावर टांगलेलं. चार २एन३०५५ घेतले, अभ्रकाचे पत्रे, हीटसिंकची पांढरी पेस्ट, पुरवठ्यातल्या लाटा सपाट करणारा ४७०० मायक्रोफॅरड ६३ व्होल्टचा फिल्टर कपॅसिटर, २२०० चे दोन. कपॅसिटर घेतले ते एक वेगळं कारण होतं म्हणून. व्हॉल्यूम पूर्ण खाली केला तरी स्पीकरला कान लावल्यावर बारीक गुणगुण यायची. व्हॉल्यूमने जी गुणगुण कमी-जास्त होत नाही ती व्हॉल्यूमच्या पुढे कुठेतरी जन्मते, बहुतेक वेळा पुरवठ्यात. आपली वीज ५० हर्ट्झची, ती चार डायोडांतून गेली की लाटा दुप्पट होतात, म्हणून ही गुणगुण १०० हर्ट्झची असते. जुना कपॅसिटर केलट्रॉनचा होता. चाळीस वर्षं राबला, आता आतून सुकला असेल तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

तो काढण्याआधी रिकामा करायला विसरू नका, हे मुलांना सांगते तसंच इथेही सांगते. ५६ व्होल्टला भरलेल्या ४७०० मायक्रोफॅरडमध्ये सात जूलच्या वर ऊर्जा असते. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट केलात तर स्क्रू-ड्रायव्हरला खड्डा पडतो आणि आपण दचकून दुसऱ्याच कशाला तरी हात लावतो. १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर दोन चिमट्यांनी अर्धा मिनिट लावून ठेवायचा आणि मग मीटरने खात्री करायची. नवा कपॅसिटर जुन्याच्या निम्म्या आकाराचा निघाला. जुन्या पट्ट्यात तो खुळखुळत होता, म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बसवला. गुणगुण गेली. या एका कामावर मी खूश आहे.

ट्रान्झिस्टरचं काम मात्र भोवलं. या ट्रान्झिस्टरचं धातूचं अंग म्हणजेच कलेक्टर. वरच्याच्या अंगावर पूर्ण ५६ व्होल्ट, आणि हीटसिंक अर्थला जोडलेली. मध्ये वीज अडवायला कागदापेक्षा पातळ अभ्रक. बसवताना एका पत्र्याचा कोपरा स्क्रूच्या भोकापाशी फाटला आणि मला दिसला नाही. बसवून झाल्यावर ट्रान्झिस्टरचं अंग आणि हीटसिंक यांच्यात मीटर लावून बघायचं असतं, दहा सेकंदांचं काम. रात्रीचे अकरा वाजले होते, नाही केलं.

वाचले ते सिरीज बोर्डामुळे. आमच्याकडचे जुने इलेक्ट्रिशियन हा बोर्ड बाळगतातच. मेनच्या एका तारेत साधा फिलॅमेंटचा १०० वॅटचा बल्ब घालायचा. यंत्र ठीक असेल तर बल्ब क्षणभर पेटतो आणि मंद होतो. आत शॉर्ट असेल तर बल्बच सगळा करंट अडवून स्वतः लख्ख पेटतो, बाकी काही जळत नाही. एलईडीचा चालत नाही, आणि फिलॅमेंटचा बल्ब मिळवायला मला चार दुकानं हिंडावी लागली. चौथ्याने विचारलं, "कोंबडीची पिल्लं पाळलीत काय?" ऊब द्यायला लोक तेवढ्यासाठीच नेतात म्हणे.

तर अकरा वाजता बटण दाबलं आणि मागची खोली दिवाळीसारखी उजळली. मी तीन सेकंद बल्बकडे बघत उभी. मग प्लग काढला, दिवा मालवला आणि झोपले.

सकाळी अभ्रक बदललं, प्रत्येक ट्रान्झिस्टर मीटरने तपासला, बल्ब मंद झाला. गाणं लावलं, पुठ्ठा झाकला, ड्रायर सोडला. चार मिनिटांत आवाज फाटला.

जसाच्या तसा. मीटरवर शून्य, शून्य.

त्या दिवशी कॉलेजात अकरावीची बॅच होती आणि फळ्यावर मीच आदल्या आठवड्यात काढलेली आकृती होती, एकसर जोडणी. एकाच वाटेवर ओळीने लावलेल्या रेझिस्टरमधून करंट सारखाच असतो, वाट कुठेही तुटली की सगळीकडे शून्य. वरचा ट्रान्झिस्टर, वरचा ०.३३, मध्यबिंदू, खालचा ०.३३, खालचा ट्रान्झिस्टर. दोन्हींवर एकदम शून्य याचा अर्थ एवढाच की त्या वाटेवर कुठेतरी खंड पडतोय. ट्रान्झिस्टर मेलाय असं मीटर म्हणालाच नव्हता, ते मी म्हटलं होतं. आणि पाच-सहा जणांच्या त्या रांगेत सगळ्यात महाग आणि बदलायला सगळ्यात कटकटीचा जो, त्याच्यावर संशय घेऊन मी पुण्याला जाऊन आले होते. मुलांना मात्र सांगते, आधी जोडण्या तपासा.

घरी आल्या आल्या अँप्लिफायर गरम केला. आवाज फाटल्यावर पेन्सिलीच्या लाकडी टोकाने एकेक भाग हलके दाबत गेले. (लाकडी टोक. शिशाकडचं नको, शिसं वीज वाहून नेतं. दुसरा हात पाठीमागे.) कपॅसिटर, काही नाही. तारा, काही नाही. वरचा पांढरा रेझिस्टर दाबला आणि बसलेला आवाज धाडकन खोलीत आला. सोडला, गेला. दाबला, आला. मी तो तीन-चार वेळा गंमत म्हणून वाजवला.

बोर्ड उलटा केला, भिंग लावलं. त्या रेझिस्टरच्या एका पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी काळी गोल रेघ. नुसत्या डोळ्यांना जोड चकचकीत आणि धडधाकट. मेकॅनिक लोक याला ड्राय सोल्डर म्हणतात. रेझिस्टर बोर्डाला अगदी टेकवून बसवलेला, शेजारी हीटसिंक. रोज सकाळी थोडं तापायचं, थोडं फुगायचं, मग निवायचं. चाळीस वर्षं पाय सोल्डरला असा ओढत राहिला आणि शेवटी सुटला. गार असताना तो नुसता टेकून करंट नेत होता, तापला की केसभर सरकत होता.

जुना सोल्डर पंपाने ओढून काढला, पाय खरवडले, नवा ६०/४० चा सोल्डर मारला. नुसता वरून थेंब टाकला तर रेघ आतल्या आत राहते, म्हणून जुना काढायचाच. रेझिस्टर बोर्डापासून चार-पाच मिलिमीटर वर उचलून बसवला, खालून हवा जाईल असा. मग बाकीच्या तिन्ही पांढऱ्या विटांचे जोडही तसेच केले, कारण भिंगातून त्यातला आणखी एक रेघ धरू लागलेला दिसला. सोल्डर दोन रुपयांचाही लागला नसेल.

नव्या ट्रान्झिस्टरचं काय? ते बसवलेले होतेच, चाललेही असते. पण जुने हातात घेतल्यावर ते जड वाटले. कॉलेजच्या तराजूवर ठेवून बघितले, जुना नव्याच्या जवळजवळ दीडपट. चारातल्या एका नव्याची टोपी हॅकसॉने कापली. आत सिलिकॉनचा तुकडा मसुराच्या डाळीहूनही लहान. २एन३०५५ म्हणजे १५ अँपिअर, ११५ वॅटचा गडी, त्याला एवढ्याशा चिपवर कोण उभं करील? वर छापलेलं नाव आणि आतला माणूस यांचा संबंध नव्हता. दुकानदाराला माहीत होतं की नाही ते मला ठरवता येत नाही. त्यालाही कुणीतरी विकलेच असतील. जुने चारही मीटरवर नीट होते. परत अभ्रक, परत पांढरी पेस्ट, आणि या वेळी चारही ठिकाणी दहा-दहा सेकंद मीटर. चाळीस वर्षांचे म्हातारे आपापल्या जागी बसले.

व्हॉल्यूमच्या बटणाची खरखर होती, ती कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आत मारून वीस वेळा फिरवल्यावर गेली. पुरवठा नवा झाला म्हणून आरामातला करंट पुन्हा मोजला, डावीकडे ९, उजवीकडे ९. दोन तास झाकण लावून चालवला. हात लावला तर कोमट. आवाज हलला नाही.

रविवारी सकाळी साडेसातला अँप्लिफायर बाहेरच्या खोलीत जागेवर लावला. धप्प. आजोबा उठले. सासूबाई नेहमीच्या खुर्चीत, डोळे मिटून. मी मुद्दाम कुकर उशिरा लावला आणि दारात उभी राहिले. आठ वाजले. सव्वाआठ वाजले. काही बसलं नाही, फाटलं नाही.

"कसा वाटतोय, आई?"

"छान वाजतोय." मग एक डोळा उघडला. "पण तबलजी पलीकडे का जाऊन बसलाय गं? आमचा इकडे डावीकडे असायचा."

प्लेअरमागची लाल-पांढरी वायर. महिन्यापूर्वी अदलाबदल करून ठेवली होती ती तशीच. मी वाकून वायरीला हात घातला तर म्हणाल्या, "आता नको काढूस. हे पद संपू दे."